बसल्या जागेची ऊब

१

माणसाला त्याच्या भीतीचं नाव सांगितलं की अर्धं काम होतं, हा माधवीचा नेहमीचा अनुभव. राजापेठेत एका औषधाच्या दुकानावर तिचं समुपदेशन केंद्र होतं. बाहेर थांबायची खोली, आत बोलायची खोली आणि भिंतीपलीकडे गणिताचा क्लास. त्यामुळे तिच्याकडे येणाऱ्यांना आपलं दुःख सांगता सांगता मध्येच वर्गमूळ ऐकू येई. कोणी तक्रार करत नसे. तो जिना चढून येणारा माणूस आधीच इतका ओशाळलेला असे, की पलीकडचा गोंगाट त्याला उलट बरा वाटे.

लोक ज्या भीत्या घेऊन येत त्या चारचौघांत सांगण्यासारख्या नसत. बँकेच्या मुलाखतीला निघालेला एक तरणा गडी शर्टाची बटणं पाहिली की घामाघूम व्हायचा. बडनेऱ्याच्या एका बाईला फोडलेलं सीताफळ समोर आलं की उमासे येत. लग्नांत वाढप्याचं काम करणाऱ्या एकाला पंगतीत मांडी घालून बसलेल्यांचे गुडघे बघवत नसत. माधवी सगळं ऐकून घेई आणि मग सावकाश एक लांबलचक नाव उच्चारी. कुम्पुनोफोबिया. ट्रायपोफोबिया. जेनुफोबिया. नाव ऐकलं की समोरच्याचे खांदे खाली येत.

"म्हंजे माह्यासारखे अजून हायेत?" हा प्रश्न ठरलेला.

नाव आहे म्हणजे आधी कोणाला तरी हे झालेलं आहे, आणि ज्याला झालं तो निभावून गेला आहे. एवढा दिलासा त्या एका शब्दात असे.

माधवीचे वडील पंजाबराव तिवस्याला शाळेत मास्तर होते. भूतखेत, बाहेरची बाधा असले शब्द त्यांनी घराचा उंबरा ओलांडू दिले नाहीत. "जे होते त्याले कारण रायते. सापडलं नाई म्हंजे आपण शोधलं नाई," असं ते म्हणत. ते गेल्यालाही आता वर्षं झाली होती. पण नावं देण्याचं आपलं काम त्यांना आवडलं असतं, असं माधवीला वाटे.

२

डिसेंबरातल्या एका सकाळी मोर्शीहून शकुनताई आल्या. सोबत त्यांचे यजमान नत्थुजी, हातात संत्र्यांची पिशवी. शकुनताईंनी सगळी नोकरी अंगणवाडीत काढली होती आणि नुकत्याच त्या निवृत्त झाल्या होत्या. चेहरा समजूतदार, बोलणं नेमकं. फक्त पाय पोटऱ्यांपर्यंत सुजलेले आणि त्यावर निळ्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या.

"बसा ना ताई," माधवी म्हणाली.

"मी बरी हाये उभी."

"थे बसत नाई मॅडम," नत्थुजी खुर्चीत टेकत म्हणाले. "जेवते बी उभ्यानं. रातचं खाली सतरंजीवर आडवी होते, तेवढंच."

शकुनताईंनी रिकाम्या खुर्चीच्या बैठकीवर तळवा ठेवला. मग तो पदराला पुसल्यासारखा केला.

"एसटीत कोनी बसून उठलं का शीट गरम रायते ना मॅडम? तशी रायते घरची खुर्ची."

"घरात कोण कोण असतं?"

"आमी दोघं. पोरगा पुण्याले. हे बगीच्यात गेले का मी एकलीच. भांडी घासून समोरच्या खोलीत याव, खुर्चीवर टेकाव, तं खुर्ची गरम. नुसती गरम नाई. आंगाची गरम."

नत्थुजी हसले नाहीत. "ही म्हणते तवा मी हात लावून पायतो. मले थंडच लागते. पण ही खोटं बोलनारी बाई नोय."

"उन्हाळ्यात मी बरी रायते," शकुनताई म्हणाल्या. "तवा सगळंच तापलेलं. कोन्ती ऊब कोनाची, काय समजते."

वऱ्हाडात उन्हाळ्याची वाट पाहणारं माणूस माधवीनं तोवर पाहिलं नव्हतं.

३

ऐकता ऐकताच तिच्या मनात नाव तयार झालं होतं. बसण्याची भीती. दुर्मीळ, पण यादीत असलेली. मानसिक ताण, निवृत्तीनंतरचं रिकामं घर, दूर गेलेला मुलगा. सगळे धागे नीट जुळत होते.

"तुम्हाला जे होतंय ना ताई, त्याला एक नाव आहे."

शकुनताईंनी मान हलवली. "नाव राहू द्या मॅडम."

"का?"

"नाव असलं का हाक मारता येते."

माधवी हसली आणि तिनं समजावलं. नावामुळे भीती मोठी होत नाही, उलट मुठीत येते. अंधारात चाचपडत होतो ती वस्तू काय आहे ते कळतं. हे ती रोजच सांगत असे, आणि मनापासून सांगत असे. शकुनताई खाली पाहत उभ्या होत्या. माधवीनं ते नाव उच्चारलं, "कॅथिसोफोबिया." सावकाश, तोडून, त्यांना पुन्हा म्हणता येईल असं.

पलीकडचा क्लास नेमका तेव्हा गप्प झाला होता. शकुनताई खुर्चीकडे बघत राहिल्या. मग वाकून त्यांनी पुन्हा तळवा टेकवला, आणि त्या बसल्या. आधी कडेला, मग पूर्ण, पाठ टेकवून. नत्थुजींनी तोंड खिडकीकडे फिरवलं; त्यांचे डोळे भरून आले होते.

"कशी वाटते?"

"थंड हाये," शकुनताई म्हणाल्या. बराच वेळ त्या नुसत्या बसून राहिल्या. निघताना दारात थबकून त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमी घरी एकल्याच रायता?"

"आठवडाभर. मिस्टर अकोल्याला असतात नोकरीला. मुलगी नागपूरला होस्टेलवर."

शकुनताईंना काहीतरी बोलायचं होतं, असं माधवीला नंतर आठवलं. त्या वेळी वाटलं की त्या आभार मानायला शब्द शोधत आहेत.

ते दोघं रस्त्याला लागेपर्यंत ती खिडकीशी उभी होती. खाली नत्थुजी रस पिऊया म्हणत होते, शकुनताई नको म्हणत होत्या. खूप दिवसांनी असं काम झालं होतं. माधवी समाधानानं येऊन आपल्या खुर्चीत बसली. खुर्ची गरम होती. असणारच, सकाळपासून तीच बसली होती.

४

घरी बैठकीत एक वेताची खुर्ची होती. वेताचं एक असतं, माणूस बसलं की तो करकरतो, आणि उठलं की लगेच गप्प होत नाही. दबलेला वेत जागेवर येताना थोडा वेळ बारीक कुरकुरत राहतो. हे माधवीला लग्नापासून ठाऊक होतं. नवरा, सुगत, पेपर वाचून उठला की ती स्वयंपाकघरातूनच ओळखायची.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी ती चहाचा कप घेऊन बैठकीत आली, आणि वेत कुरकुरत होता.

ती उंबऱ्यातच थांबली. आवाज हळूहळू विरला. हवा कोरडी झाली की लाकूड, वेत, सगळंच आवाज करतं, हे कारण तिला लगेच सुचलं आणि पटलंही. ती जाऊन बसली. साडीतून ऊब लागली. घरात सकाळपासून कोणी नव्हतं, फरशी बर्फासारखी होती, आणि तिच्याखाली मात्र नुकतं कोणीतरी उठून गेल्याची जागा होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी तेच. मग पलंगाच्या कडेला, जिथे बसून ती केस विंचरायची. एक मात्र होतं. ती बसायला जाई तेव्हा जागा नेहमी रिकामीच मिळे. तिच्यासाठी कोणीतरी अदबीनं उठल्यासारखी.

ऐकलेली लक्षणं समुपदेशकाला स्वतःत दिसू लागतात, हेही माधवीला माहीत होतं. त्यालाही नाव होतं. तिनं ते स्वतःशी म्हणून पाहिलं. दुसऱ्यांना जसं हलकं वाटायचं तसं काही झालं नाही.

५

कारण शोधायचं तर नीट शोधावं, म्हणून रविवारी दुपारी तिनं कपाटातून कोरोनाच्या काळातली, कपाळावर धरून ताप मोजायची बंदूक काढली. सुगत आदल्या दिवशीच आला होता आणि बाहेर गाडी पुसत होता. तिनं बंदूक भिंतीवर धरली, दिवाणावर धरली, टेबलावर धरली. दर वेळी पडद्यावर आलं की हे अंगाचं तापमान नव्हे, पुन्हा मोजा. मग वेताच्या खुर्चीवर धरली. बंदूक नेहमीसारखी वाजली आणि तिनं आकडा दाखवला. ताप नसलेल्या, धडधाकट माणसाचा आकडा.

तिनं सुगतला हाक मारली. तो पाटबंधारे खात्यात अभियंता. धरणाच्या भिंतीतून पाणी कुठून झिरपतं हे बघण्यात त्याचं आयुष्य चाललेलं. त्यानं ऐकून घेतलं, खिडकीकडे पाहिलं, उन्हाचा पट्टा कुठवर येतो ते पाहिलं. ऊन खुर्चीपर्यंत येत नव्हतं.

"बॅटरी कमी असन," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. "थंडीच तं हाये."

त्यानं बंदूक घेऊन मोजलं. पुन्हा मोजा, असं आलं.

"तुले आराम पाहिजे," तो जरा वेळानं म्हणाला. "दिवसभर लोकायचे भेव ऐकतं. किती ऐकशीन? अकोल्याले चाल माह्यासोबत, चार दिवस राय."

"बघू," ती म्हणाली.

तो बोलत होता आणि ती त्याच्यासमोर उभी होती. त्या सबंध दुपारी आपण एकदाही बसलो नाही, हे तिच्या लक्षात आलं ते तो बडनेऱ्याला गाडी पकडायला गेल्यावर, पाय ठणकू लागल्यावर.

६

ती मोर्शीच्या एसटीत बसली. शेजारची बाई तिवस्याच्या फाट्याचं काहीतरी विचारत होती. खालची सीट गरम होती आणि त्या उबेनं माधवीला रडू आलं. कारण आधीचा म्हातारा तिच्या डोळ्यांदेखत उतरून, काठी टेकत निघून गेला होता. ही ऊब त्याची होती. तिला मालक होता.

शकुनताई अंगणात खुर्ची टाकून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. पायांची सूज उतरली होती. माधवीला फाटकात पाहून त्यांचे हात थांबले. नत्थुजींना त्यांनी संत्र्यांचे कॅरेट मोजायला बगीच्यात पाठवलं. मग दुसरी खुर्ची पुढे केली नाही, बसाही म्हटलं नाही.

"तुमाले गरम लागते का आता?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

माधवीनं मान डोलावली. मग सगळं सांगितलं. वेताचं, पलंगाचं, बंदुकीचं. आपण कोणाच्या तरी समोर असं उभं राहून बोलतो आहोत आणि ती बाई बसून ऐकते आहे, याची तिला गंमतही वाटली नाही. शेवटी म्हणाली, "नाव तर मी बरोबर दिलं होतं, ताई. तुम्ही बऱ्या झालात."

"नाव बराबर नोयतं मॅडम." शकुनताईंनी सुपातले दाणे एका बाजूला केले. "मले बसाचा भेव कदीच नोयता."

"मग?"

"आपन बसाले गेलो का थे उठते. उठते तवाच तं जागा गरम लागते. मंग थे जाते कोठी? दार तं वाजत नाई. म्हंजे खोलीतच कोठीतरी उभं रायते." त्या थांबल्या. "मी बसली, का थे उभं. माह्या मांगं, बाजूले, कोठीतरी. आन आपल्याकडे पायते. म्हून मी बसो नाई. मी उभी राहो, मंग थे आपलं बसून राहे. बसलं का काई करत नाई. निभत होतं तसं."

अंगणात ऊन होतं. कोंबड्या शेंगांच्या सालीत चोची मारत होत्या. 

"हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलं?"

"सांगतच होती. तुमी मधात नाव सांगतलं. मले वाटलं, शिकेल बाई हाये, तुमाले समजलं. आन मी बसली तं खरंच काई नोयतं. इतकं बरं वाटलं मॅडम, मंग मी काईच इचारलं नाई. नाव चुकलं, पन हाक तुमी मारली; थे तुमच्या मांगं गेलं."

"तुम्ही पाहिलंत कधी? कसं आहे ते?"

"नाई. मान वळवाची नाई, एवढं मी पाळलं." शकुनताईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. "तेल लावत जा रोज. आन भिंतीले टेकून उभं रायलं का जरा बरं वाटते."

७

माधवीनं नव्या वर्षात उभ्यानं काम सुरू केलं. लोकांना तिनं कंबरेचं कारण सांगितलं. पण समोरचा बसलेला आणि आपण उभ्या, यात बोलणं रंगत नसे; माणसं लवकर आटोपतं घेऊ लागली. नावं सांगणं तिनं सोडून दिलं. एखादा विचारी, "याले काई म्हणतात का मॅडम?" तेव्हा ती म्हणे, "तुम्हाला काय काय होतं ते आधी शेवटपर्यंत सांगा." यानं काहींना बरं वाटलं, काही परत आले नाहीत. संध्याकाळी पाय इतके भरून येत की जिना उतरताना ती कठडा दोन्ही हातांनी धरी.

शेवटी सुगतचं ऐकून ती अकोल्याला गेली. जठारपेठेत त्याची भाड्याची एक खोली होती. पलंग, प्लास्टिकची एक खुर्ची, टेबलावर शेगडी, आडव्या दोरीवर कपडे. त्यानं स्वतः चहा केला. बाहेर दुपारची उन्हं होती, गल्लीत कोणीतरी चादरी झटकत होतं. इतकी साधी, उजेडाची खोली तिनं कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

"बस न," सुगत पलंगावर टेकत म्हणाला. "आल्यापासून उभी हायेस."

तिनं खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची भिंतीला लागून होती. पाठ आणि भिंत यांच्या मध्ये हातही शिरला नसता. मागे कोणाला उभं राहायला जागाच नव्हती. हा विचार इतका सरळ होता, वडिलांना आवडला असता असा, की तिचे पाय आपोआप वळले. ती बसली. खुर्चीचे पाय फरशीवर किंचित फाकले. खालून ऊब लागली, पण गुडघ्यांतून कळ निघून गेली त्या सुखापुढे तिनं ती क्षणभर चालवून घेतली. डोळे मिटले.

उघडले तेव्हा सुगत उठून उभा होता.

हातात कप तसाच. एखादं वडीलधारं माणूस दारात आल्यावर आपण जसे बोलणं अर्धवट टाकून उठतो, तसा तो उठला होता. अंगानंच, मनाला न विचारता. तो तिच्याकडे पाहत नव्हता. त्याची नजर तिच्या उजव्या खांद्याशी होती. मग ती वर गेली. आणखी वर. त्याची हनुवटी उचलली गेली.

माधवीनं मान वळवली नाही. पण डोळ्याच्या कडेला दोरी होती, आणि दोरीवरचा टॉवेल. पंखा बंद होता. टॉवेल मधोमध पुढे आला होता, कोणाच्या तरी छातीला टेकून राहिल्यासारखा, आणि सावकाश वर-खाली होत होता.

"बसा न," सुगत म्हणाला.

लग्नाला एवढी वर्षं झाली, सुगतनं तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. त्यानं एक पाऊल बाजूला सरून, रिकाम्या हातानं, आपली पलंगावरची जागा दाखवली.

माधवी ताडकन उठली. खुर्ची मोकळी केली, भिंतीला चिकटली. खुर्ची मोकळीच राहिली. दोरीवरचा टॉवेल सैल होऊन सरळ लोंबू लागला, आणि पलंगावर, जिथे सुगत आत्ता बसला होता, तिथली गादी हळूहळू खाली दबली.

सुगतनं हातातल्या कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मी काहून उठलो व?" त्यानं विचारलं. आणि पुन्हा बसायला वळला.

तिनं त्याचा दंड घट्ट धरला.

"नको," ती म्हणाली. "माझ्यापाशी उभा राय."